सायलेन्सर काढला की गाडीची पॉवर वाढते? उत्तर एका मशीनगनवाल्याच्या पोराकडे आहे

गिरगावात ऑपेरा हाऊसच्या आसपास गाड्यांच्या अ‍ॅक्सेसरीजची दुकानं आहेत. तिथे थोडा वेळ रेंगाळलात, तर एक सल्ला कुणी ना कुणी देतंच. मागचा डबा काढून टाका, इंजिन मोकळा श्वास घेईल, पिकअप वाढेल. डबा म्हणजे मफलर. आपल्याकडे मेकॅनिकपासून आरटीओपर्यंत सगळे त्याला सायलेन्सरच म्हणतात, म्हणून मीही इथे दोन्ही शब्द वापरतो.

गंमत अशी की या सल्ल्यात एकेकाळी तथ्य होतं. म्हणूनच तो शंभर वर्षं झाली तरी मरत नाही. तथ्य कधी होतं आणि ते कसं संपलं, हे समजून घ्यायचं असेल तर हायरम पर्सी मॅक्सिम या माणसाची गोष्ट माहीत हवी. रेडिओच्या दुनियेत तो आजही मोठं नाव आहे, बंदुकीच्या दुनियेत त्याहून मोठं. गाडीवाले मात्र त्याला विसरले.

पर्सीचा जन्म २ सप्टेंबर १८६९ चा, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधला. वडिलांचं नावही हायरमच, हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम. हेच ते मॅक्सिम गनवाले. बंदूक उडाली की मागे धक्का बसतो. तो वाया जाणारा धक्काच वापरून पुढची गोळी आपोआप भरायची, अशी मशीनगन या माणसाने १८८० च्या दशकात लंडनमध्ये बनवली. ब्रिटिश साम्राज्याने आफ्रिकेत आणि आशियात ती कशी वापरली हे इतिहासाच्या पुस्तकात आहे. त्यांना 'सर' ही पदवी मिळाली. पण १८८१ मध्ये युरोपला गेलेला हा बाप अमेरिकेतल्या बायकापोरांकडे नांदायला परत आलाच नाही. पर्सी आईजवळ वाढला.

सर हायरम यांच्याबद्दल आणखी एक गोष्ट. स्वतःच्याच बंदुकांच्या आवाजात वर्षानुवर्षं उभं राहून ते जवळजवळ ठार बहिरे झाले. पोराचं नाव पुढे जगभर झालं ते आवाज बंद करणाऱ्या यंत्रामुळे. बापाच्या बहिरेपणामुळेच तो या कामाकडे वळला असं मी म्हणणार नाही. पण त्या घरात धडाम आवाजाची किंमत कुणाला समजावून सांगावी लागत नसणार.

पोरगा हुशार निघाला. सतरावं वर्ष पूर्ण व्हायच्या आत, १८८६ मध्ये, तो एमआयटीतून इंजिनिअर होऊन बाहेर पडला. पुढे मॅसॅच्युसेट्समधल्या लिन गावी तोफगोळे बनवणाऱ्या कारखान्यात लागला. १८९२ मध्ये एका रात्री सायकलवरून घरी परतताना त्याच्या डोक्यात आलं, की पाय मारायच्या ऐवजी हे चाक एखाद्या छोट्या इंजिनाने फिरवलं तर? जर्मनीत बेंझ आणि डाइमलर यांनी हे आधीच करून ठेवलंय, याचा त्याला पत्ताच नव्हता. तेव्हा गुगल नव्हतं, हे आपण सारखं विसरतो.

पेट्रोल म्हणजे नेमकं काय चीज आहे हे त्याने कसं शोधलं, ते ऐका (आणि घरी करू नका). तोफेच्या गोळ्याचं रिकामं पितळी टरफल घेतलं, त्यात पेट्रोलचा एक थेंब टाकला, हवा आणि वाफ मिसळू दिली आणि आत जळती काडी सोडली. एवढा मोठा भडका आणि धमाका झाला की एका थेंबात काय दडलंय ते त्याला कायमचं कळलं. आपल्या इंजिनात आजही हेच होतं. फक्त आपण तो धमाका पिस्टनच्या डोक्यावर घडवतो आणि त्यातून चाक फिरवून घेतो.

धमाक्यातलं उरलेलं

इथे पर्सीला थोडं थांबवून इंजिनाकडे वळू, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

पेट्रोल जळून पिस्टन खाली ढकलला जातो. पण पिस्टन तळाशी पोचेपर्यंत वायूंमधला सगळा दाब वापरला जात नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा आतला वायू बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त दाबाचा आणि शेकडो अंश तापलेला असतो. तो एकदम बाहेर सुटतो. फुगा फुटल्यावर जे होतं तेच, पण सेकंदाला अनेक वेळा. ३५० सीसीची एका सिलिंडरची बुलेट उभ्या जागी साधारण १,००० आरपीएमवर चालते. चार स्ट्रोकचं इंजिन असल्याने दोन फेऱ्यांना एक ठोका, म्हणजे मिनिटाला ५०० आणि सेकंदाला आठेक ठोके. म्हणून तो डुग-डुग-डुग वेगवेगळा ऐकू येतो. चार सिलिंडरची कार ३,००० आरपीएमला गेली की सेकंदाला १०० ठोके होतात, आणि कानाला ते ठोके न वाटता एक सलग गुरगुर वाटते.

पेट्रोलमधल्या एकूण ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश भाग एक्झॉस्टमधून उष्णता म्हणून निघून जातो. मग एवढा मोठा आवाज म्हणजे केवढी तरी पॉवर असेल, असं वाटतं ना? मी हिशेब केला. समजा टेलपाइपपासून एक मीटरवर ११० डेसिबल आवाज आहे. म्हणजे अख्खी चाळ जागी होईल इतका. तो सगळीकडे सारखा पसरतोय असं धरलं, तर त्यातली एकूण ध्वनिऊर्जा भरते साधारण सव्वा वॅट. सव्वा! तुमच्या फोनचा सगळ्यात मरतुकडा चार्जरसुद्धा पाच वॅट देतो. आणि ८० हॉर्सपॉवरचं इंजिन म्हणजे सुमारे ६०,००० वॅट. मफलरने हा सगळा आवाज गिळला तरी इंजिनाचं त्यात काही जात नाही, आणि मफलर काढून तो मोकळा सोडला तरी इंजिनाला काही मिळत नाही. आपला कान भयंकर संवेदनशील आहे, एवढंच.

मग पॉवर जाते कुठे? तर ती वायूला बाहेर ढकलताना जाते. वाट अरुंद असेल तर पिस्टनला जळका वायू रेटून बाहेर काढावा लागतो. त्याला बॅकप्रेशर म्हणतात, आणि ते खरोखर पॉवर खातं. मफलर काढा म्हणणारे याच मुद्द्यावर बोट ठेवतात. मुद्दा बरोबर आहे. तो लागू कुठे होतो, ते बघायचं.

पुन्हा पर्सीकडे

१८९५ मध्ये पर्सीने स्वतः बनवलेलं इंजिन आणि तीनचाकी घेऊन कनेटिकटमधल्या हार्टफर्डला कर्नल अल्बर्ट पोप यांच्या सायकल कंपनीत नोकरी धरली. (त्याच सुमारास आपले लक्ष्मणराव किर्लोस्कर, तेही १८६९ चेच, मुंबईत तेव्हा भायखळ्याला असलेल्या व्हीजेटीआयमध्ये शिकवत होते. पुढे नोकरी सोडून ते बेळगावला आपल्या सायकलच्या दुकानाकडे गेले. सायकलवाल्यांनीच मोटारींचं आणि इंजिनांचं युग आणलं, असं मला नेहमी वाटतं.)

पोप साहेबांना पेट्रोलची गाडी मनापासून नको होती. स्फोटांच्या वर बसून प्रवास करायला लोक येतील यावर त्यांचा विश्वासच नव्हता. त्यांचा भरवसा बॅटरीवर. त्यामुळे पर्सीने तिथे बरीच वर्षं इलेक्ट्रिक गाड्या बनवल्या, होय, १८९७ च्या सुमारास. सीएसएमटीहून एनसीपीएला जाणाऱ्या बेस्टच्या इलेक्ट्रिक डबल डेकरमध्ये बसलात की लक्षात घ्या, आवाज न करता जोर लावणाऱ्या गाडीची कल्पना सव्वाशे वर्षं जुनी आहे. पेट्रोलवरचं पर्सीचं प्रेम मात्र कमी झालं नाही. १८९९ मध्ये ब्रॅनफर्ड इथे गोल ट्रॅकवर झालेली मोटारींची शर्यत त्याने पेट्रोलच्याच गाडीने जिंकली.

त्या काळातले मफलर कसे होते? इंडियानातल्या रीव्ह्ज बंधूंनी १८९७ मध्ये एक्झॉस्ट मफलरचं पेटंट घेतलं होतं, म्हणजे मफलरचा पहिला मान पर्सीचा नाही. पण बहुतेक मफलर म्हणजे भोकं पाडलेल्या नळ्या आणि पत्र्याचे डबे. आवाज कमी करायचा तर वाट अडवायची, एवढीच युक्ती. इंजिनंही जेमतेम ताकदीची. चढावर गाडी दम टाकायची. म्हणून पायाजवळ एक कटआउट असायचं. ते दाबलं की वायू मफलरला वळसा घालून थेट बाहेर. फटाक्यांची माळ लागल्यासारखा आवाज, पण गाडी खरोखर चढ चढायची. लोकांना आवाज एवढा नकोसा झाला की पुढे अमेरिकेतल्या अनेक शहरांनी कटआउटवर बंदी घातली. ऑपेरा हाऊसला आज मिळणारा सल्ला हा त्या कटआउटचा नातू आहे. आजोबा खरं बोलत होते.

पर्सीने प्रश्न वेगळ्या बाजूने धरला. त्याने स्वतः सांगितलेली हकिकत अशी, की बाथटबमधलं पाणी भोवरा करत गुपचूप खाली जाताना त्याने पाहिलं. पाणी अडत नव्हतं, फक्त फिरत फिरत, वेळ घेत जात होतं. मग वायूलाही असंच फिरवलं तर? यातून बंदुकीचा मॅक्सिम सायलेन्सर जन्मला. त्याचं पेटंट मिळालं ३० मार्च १९०९ ला. नळीच्या तोंडाला लावायच्या डब्यात वाकड्या चकत्यांच्या मधे वायू भोवऱ्यासारखा फिरायचा आणि दाब उतरल्यावर हळूच बाहेर पडायचा. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्याकडेही एक होता. सिनेमात दाखवतात तसा फुस्स आवाज प्रत्यक्षात येत नाही. गोळी आवाजाच्या वेगापेक्षा जोरात गेली तर हवेतला तिचा कडाका कुठलाच सायलेन्सर थांबवत नाही.

हेच डोकं त्याच्या कंपनीने इंजिनांना लावलं. मोटारी, बोटी, कारखान्यांची इंजिनं, हवा फुंकणारे ब्लोअर. काही वर्षांनी बंदुकीचे सायलेन्सर मागे पडले आणि इंजिनांचं कामच मुख्य झालं.

दादरचा पूल

पर्सीची युक्ती समजायला दादर स्टेशन पुरेसं आहे. संध्याकाळी गच्च भरलेली लोकल रिकामी होते आणि सगळी गर्दी एकदम जिन्यावर धडकते. आता जिन्याआधी मोठं मोकळं दालन असतं असं समजा. गर्दी आधी तिथे पसरेल आणि तिथून एकसारखी बाहेर पडेल. मिनिटाला बाहेर पडणारी माणसं तेवढीच, पण लोंढा नाही. आवाज म्हणजे हा लोंढा, दाबाची चढउतार. इंजिनाला त्रास देतो तो मात्र सरासरी दाब. चढउतार मोडायची आणि सरासरी वाढू द्यायची नाही, हे चांगल्या मफलरचं काम. जुने मफलर दालन न बांधता फक्त जिना अरुंद करत होते.

आजच्या कारच्या मफलरमध्ये अशी दोन-तीन दालनं असतात. एका दालनातून परत फिरलेली लाट पुढून येणाऱ्या लाटेला छेद देते. एखादं बंद दालन रिकाम्या बाटलीसारखं असतं. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की एकच सूर निघतो ना, तसं ते दालन आपल्या सुराची गुरगुर नेमकी पकडतं. काही मफलरमध्ये काचतंतूंचा कापूस भरलेला असतो, तो बारीक कर्कश आवाज शोषतो. वाट मात्र बऱ्यापैकी मोकळी ठेवलेली असते, कारण मायलेजचा आकडा कंपनीलाही हवा असतो.

मग हा डबा काढला तर काय? पूर्ण ताकदीने, वरच्या आरपीएमवर, थोडी पॉवर वाढू शकते. साध्या फॅमिली कारमध्ये हाताच्या बोटांवर मोजण्याइतके हॉर्सपॉवर, अनेकदा तेवढेही नाहीत. कारण वायूची वाट फक्त मागच्या डब्याने अडत नाही. मॅनिफोल्ड, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, पाइपची वळणं, सगळं तिथेच राहतं.

आणि मुंबईत तेही मिळत नाही. बॅकप्रेशर वायूच्या प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. प्रवाह निम्मा झाला की अडथळा पावपट. लालबागच्या पुलाखाली सिग्नल ते सिग्नल जाताना इंजिन २,००० आरपीएमवर असतं, अ‍ॅक्सिलरेटर थोडासाच दाबलेला. ५,५०० आरपीएमच्या पूर्ण जोराशी तुलना केली तर प्रवाह पाचव्या हिश्शाच्याही आत, आणि बॅकप्रेशर साधारण तिसावा हिस्सा. तिथे मफलर काढून वाचवायला उरतंच काय? उरतो तो आवाज. वर काँक्रीटचा पूल, बाजूला इमारती, त्यामुळे तो उघड्यावर जसा विरतो तसा विरतही नाही.

तरी गाडी जोरात पळतेय असं वाटतं खरं. आवाज वाढला की मेंदूला वेग वाढल्याचा भास होतो. खात्री करायची तर फोनवर जीपीएसचा स्पीड अ‍ॅप लावा, मोकळ्या ट्रॅकवर दोन्ही वेळा सेकंद मोजा आणि आकड्यावर विश्वास ठेवा. साउंड मीटर अ‍ॅपचा आकडा मात्र ढोबळच समजा. फोनचा माइक बोलण्यासाठी बनवलेला आहे, फार मोठ्या आवाजाला तो हात टेकतो.

टू-स्ट्रोकवाल्यांनी तर अजिबात हात लावू नये. आरएक्स १०० चा फुगीर सायलेन्सर नुसता आवाजासाठी नाही. त्यातून परत फिरणारी लाट बाहेर पळू पाहणारं ताजं पेट्रोल-हवेचं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. तो फुगा काढला की पॉवर सरळ पडते. उलट, टर्बो गाड्यांमध्ये एक्झॉस्टच्या वाटेत पंखाच बसवलेला असतो. तो वाया जाणाऱ्या वायूकडून काम करून घेतो, गाडीची ताकद वाढवतो आणि आवाजही कमी करतो. सर हायरम यांनी बंदुकीच्या धक्क्याचं जे केलं, त्याच्याच जातीची ही आयडिया.

एक धोका फार कमी लोक सांगतात. डबा कापून पाइप गाडीच्या पोटाखालीच सोडला तर धूर मागे न जाता खाली साचतो. फटीतून तो आत येऊ शकतो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. काचा बंद, एसी चालू, ट्रॅफिक जाम. पुढचं सांगायला नको.

कायद्याचं थोडक्यात. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२० वा नियम प्रत्येक गाडीला सायलेन्सर सक्तीचा करतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, शिवाय तीन महिने लायसन्सही जातं. परळला तर केईएम, टाटा मेमोरियल, वाडिया अशी हॉस्पिटलं खेटून उभी आहेत. हॉस्पिटलभोवतालच्या शांतता क्षेत्रात रात्रीची मर्यादा ४० डेसिबल आहे. टाटाच्या फुटपाथवर रात्र काढणारे पेशंटचे नातेवाईक ज्यांनी पाहिलेत, त्यांना मी जास्त काय सांगू.

माझे आजोबा इथल्याच एका गिरणीत साचाखात्यात होते. शेकडो साचे एकदम खडखडायचे, कामगार एकमेकांशी खुणांनी बोलायचे. निवृत्तीनंतर टीव्ही त्यांच्यासाठी इतका मोठा लावावा लागे की खालच्या मजल्यावर बातम्या ऐकू जायच्या. कानाच्या आतल्या बारीक पेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. लंडनच्या सरांना आणि परळच्या साचेवाल्याला नियम सारखाच.

पर्सी सायलेन्सरवर थांबला नाही. हार्टफर्डमधून वायरलेसचा संदेश तीसेक मैलांवरच्या गावी पोचेना, तेव्हा त्याने मधल्या गावातल्या एका हौशी रेडिओवाल्याला तो पुढे ढकलायला लावलं. त्यातून १९१४ मध्ये त्याने क्लॅरेन्स टस्का या तरुणाला सोबत घेऊन अमेरिकन रेडिओ रिले लीग काढली. हॅम रेडिओवाल्यांची ही संघटना आजही जोरात चालू आहे. १९२६ मध्ये हौशी सिनेमावाल्यांचीही एक लीग काढली. आज असता तर यूट्यूब चॅनल नक्की असतं. १७ फेब्रुवारी १९३६ ला, कॅलिफोर्नियाला निघालेला असताना, घशाच्या आजाराने वाटेत कोलोरॅडोतल्या ला हुंटा गावी तो गेला. वय ६६. कारखान्यांच्या आणि जहाजांच्या इंजिनांसाठी मॅक्सिम नावाचे सायलेन्सर अजूनही बनतात.

शेवटी कामाचं एक. मफलर न काढताच तुमच्या गाडीचा आवाज वाढला असेल, तर खाली वाकून डब्याचा तळ बघा. पेट्रोल जळताना पाणीही तयार होतं. रोज गिरगाव ते दादर एवढंच अंतर गाडी चालली तर डबा नीट तापत नाही, ते पाणी आत साचतं आणि पत्रा आतून गंजतो. त्यात आपली समुद्राची हवा. भोक लहान असेल तर वेल्डिंगवाला बुजवून देतो, मोठं असेल तर डबाच बदला. इंजिन थंड असताना टेलपाइपमधून दोन-चार थेंब पाणी पडलं तर घाबरू नका, ते नॉर्मल आहे.